कोरा रकाना आणि निरंक: सोसायटीच्या फॉर्मच्या नोंदी

१ जुलै, मंगळवार

सोसायटीचं काम आजपासून परत हातात घेतलं. घोडबंदर रोडवरची सात विंगची सोसायटी, सभासदांची माहिती, पाण्याच्या मीटरचं रीडिंग, मेंटेनन्सचं बिल, वारसाची नोंद असं सगळं वेबवर आणायचंय. सर्व्हर नोड-एक्सप्रेसवर (म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला), डेटाबेस पोस्टग्रेस, आलेली माहिती तपासायला झॉड ही लायब्ररी, आणि फॉर्म साधे एचटीएमएलचे, कारण बरेच सभासद साठीच्या पुढचे आहेत आणि त्यांचे फोन जुने. ऑफिस घणसोलीला आणि सोसायटी ठाण्यात, त्यामुळे यातल्या बऱ्याच नोंदी ठाणे-वाशी गाडीत बसून टाइप केल्यात.

पहिली तक्रार पिनकोडची. गावच्या पत्त्याचा पिनकोड ऐच्छिक आहे, फॉर्मवर तसं लिहिलंय पण, तरी तो न भरता सबमिट केलं की सर्व्हर लाल अक्षरात सांगतो ‘पिनकोड चुकीचा आहे’. माणसाने त्या रकान्याला हातसुद्धा लावलेला नसतो. शोधलं तेव्हा कळलं की ब्राउझरमध्ये इनपुटला पॅटर्न, म्हणजे मजकूर कसा असावा त्याचा साचा, लावलाय, आणि एचटीएमएलचा नियम असा की रकाना रिकामा असेल तर पॅटर्न तपासलाच जात नाही, रिकाम्याकडे बघायचं काम फक्त रिक्वायर्डचं, म्हणजे ‘भरलंच पाहिजे’ या खुणेचं. मिनलेंथचं (किमान लांबीचं) पण तसंच आहे, किमान सहा अक्षरं लिहिलं तरी शून्य अक्षरं पास होतात. आमच्या सर्व्हरवर मात्र तोच साचा (रेगेक्स) सरळ लावलेला, सहा आकडे हवेत म्हणजे हवेत, रिकाम्या स्ट्रिंगमध्ये, म्हणजे मजकुरात, सहा आकडे येणार कुठून. म्हणजे नियम एकच, पण पुढचा दरवाजा म्हणतो चालेल आणि मागचा म्हणतो चूक.

यापेक्षा वाईट गोष्ट टेबल उघडल्यावर दिसली. फॉर्म पुढे जाईना म्हणून लोकांनी काहीतरी भरून टाकलंय. ०००००० आहेत, १२३४५६ आहेत, आणि गाव कोकणातलं असताना पिनकोड ४००६०७ आहेत, म्हणजे सोसायटीचाच. भारतात कुठलाच पिनकोड शून्याने सुरू होत नाही त्यामुळे पहिला प्रकार शोधता येतो, १२३४५६ पण ओळखू येतो, पण ४००६०७ वाल्यांपैकी खरे किती आणि नाइलाजाने भरलेले किती हे आता कोणीच सांगू शकत नाही. खोटं लिहायला आपणच भाग पाडलं त्यांना. याचं मला फार वाईट वाटलं.

२ जुलै, बुधवार

झॉडमध्ये ऑप्शनल लिहिलं की काम झालं असं मी आधी धरून चालले होते, ते तसं नाहीये. ऑप्शनल म्हणजे ती ‘की’ (रकान्याचं नाव) आलीच नाही तर चालेल. पण एचटीएमएल फॉर्म टेक्स्टचा रकाना रिकामा असला तरी पाठवतोच, नाव बरोबर चिन्ह आणि पुढे काही नाही. सर्व्हरला ती रिकामी स्ट्रिंग म्हणून मिळते, अनडिफाइन्ड, म्हणजे ‘आलंच नाही’, म्हणून नाही. म्हणून ईमेल ऑप्शनल असूनही रिकाम्या ईमेलवर ‘ईमेल चुकीचा’ येत होतं.

ठरवलं ते असं: फॉर्ममधून काही आलं की दारातच एक फंक्शन, पुढची-मागची स्पेस काढायची आणि उरलं काहीच नाही तर त्याचं नल (डेटाबेसमधली ‘इथे किंमत नाही’ अशी खूण) करायचं, मग बाकीची तपासणी. लारावेल या पीएचपीच्या फ्रेमवर्कमध्ये हे ५.४ पासून दोन मिडलवेअर (मधल्या चाळण्या) आपोआप करतात, पायथॉनच्या जँगोचं टेक्स्ट फील्डही स्पेस स्वतःच कापतं, एक्सप्रेसमध्ये आपलं आपल्याला लिहावं लागतं. पासवर्डला मात्र हे फंक्शन लावायचं नाही, तिथली स्पेस माणसाने मुद्दाम टाकलेली असू शकते.

आणि हो, ब्राउझरचा रिक्वायर्ड नुसत्या एका स्पेसने पास होतो. सभासदाचं नाव म्हणून एक स्पेस साठवलेली रो (टेबलातली ओळ) सापडली. फ्रंटएंडवाल्याला दाखवली, तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत होता.

४ जुलै, शुक्रवार

आज खजिनदार काकूंचा फोन. बी विंगमधल्या एका आजींची नोंदणी होत नाहीये, ‘हा ईमेल आधीच नोंदलेला आहे’ असं येतंय, आणि आजींकडे ईमेलच नाही. आजी काकूंना विचारत होत्या की माझ्या नावाने कोणी ईमेल काढलाय का, काही फसवणूक तर नाही ना. रोज बातम्या येतात तशा, घाबरल्या होत्या बिचाऱ्या.

झालं होतं ते असं, ईमेलच्या कॉलमवर युनिक लावलेलं आहे, म्हणजे एकच किंमत दोनदा चालत नाही, आणि जुन्या कोडने ईमेल नसलेल्याची रिकामी स्ट्रिंग साठवली. पहिला बिनईमेलवाला सभासद आत गेला, दुसऱ्याच्या वेळी डेटाबेसला दिसलं की रिकामी स्ट्रिंग आधीच आहे, डुप्लिकेट. नल असतं तर अडलं नसतं, पोस्टग्रेसमध्ये युनिक कॉलमात नल कितीही चालतात, कारण एक नल दुसऱ्या नलच्या बरोबरीचा धरला जात नाही. (पोस्टग्रेस १५ पासून हे उलटं पण करता येतं, पण मुद्दाम सांगितलं तरच.) बुधवारचं फंक्शन आज प्रॉडक्शनवर, म्हणजे लोक वापरतात त्या सर्व्हरवर, टाकलं आणि जुन्या रिकाम्या स्ट्रिंग अपडेट करून नल केल्या, शिवाय कॉलमवर चेक लावला की रिकामी स्ट्रिंग यायलाच नको, म्हणजे उद्या कोणी दुसऱ्या वाटेने डेटा घातला तरी डेटाबेस अडवेल.

संध्याकाळी आजींना मी स्वतः फोन केला आणि सांगितलं की आजी, तुमच्या नावाने कोणी काही केलेलं नाही, चूक आमच्या प्रोग्रामची होती. त्या म्हणाल्या, बरं झालं गं सांगितलंस, दुपारभर जीवाला घोर होता.

७ जुलै, सोमवार

आजचा दिवस चेकबॉक्सने खाल्ला. पण पैशाचा मामला आहे म्हणून सविस्तर लिहितेय.

सभासदाच्या फॉर्मवर ‘फ्लॅट भाड्याने दिला आहे’ असा चेकबॉक्स आहे. टिक असेल तर बिलात ना-वहिवाट शुल्क लागतं, सेवाशुल्काच्या जास्तीत जास्त १० टक्के, ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे. एक सभासद बाहेरगावी होते, भाडेकरू होता, मार्चमध्ये स्वतः परत राहायला आले, फॉर्म उघडला, टिक काढली, सेव्ह केलं, ‘माहिती जतन झाली’ असं हिरवं पण आलं. तरी दर महिन्याला शुल्क लागतंच आहे. त्यांनी तीनदा टिक काढली.

कारण: टिक नसलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही. टेक्स्टचा रकाना रिकामा का होईना पोचतो, चेकबॉक्स गायबच होतो. रेडिओमध्ये काहीच निवडलं नाही तर तेच. आणि आमच्या अपडेटच्या कोडमध्ये लिहिलेलं, जी की आली नाही तिला हात लावू नका, जुनी किंमत ठेवा. हे लिहिताना डोक्यात मोबाइल ॲप होतं, ते फक्त बदललेल्या गोष्टी पाठवतं. त्यामुळे भाड्याचा टिक एकदा लागला की फॉर्ममधून परत कधी निघणारच नव्हता.

नेहमीचा उपाय म्हणजे चेकबॉक्सच्या आधी त्याच नावाचा हिडन (न दिसणारा) इनपुट, किंमत ०. रेल्स हे फ्रेमवर्क हेच करतं. पण एक्सप्रेसमध्ये टिक असताना दोन्ही येतात आणि एकाच नावाच्या दोन किंमतींचा ॲरे (यादी) होतो, पीएचपीसारखी शेवटची किंमत आपोआप जिंकत नाही. ते सांभाळून लिहिलं, चाललं पण. मग दुपारी परत विचार केला आणि चेकबॉक्सच काढून टाकला. कारण प्रश्नाची उत्तरंच दोन नाहीत. स्वतः राहतो, घरचं कोणी राहतं, भाडेकरू राहतो, अशी तीन आहेत, आणि मुलगा किंवा आईवडील राहत असतील तर ते शुल्क लागत नाही. आता तीन रेडिओ, आधीपासून निवडलेला एकही नाही, आणि काहीच निवडलं नाही तर फॉर्म थांबतो आणि विचारतो.

जास्तीचे घेतलेले पैसे पुढच्या बिलात वळते करा असं कमिटीला लेखी कळवलंय.

८ जुलै, मंगळवार

छोटी गोष्ट. फ्लॅट नंबर एडिट करता येऊ नये म्हणून फ्रंटएंडवाल्याने तो डिसेबल्ड केला आणि सगळे सेव्ह ‘फ्लॅट नंबर आवश्यक’ म्हणून पडायला लागले. डिसेबल्ड रकाना सबमिट होत नाही, रीडओन्ली होतो. पण खरं म्हणजे फ्लॅट नंबर फॉर्ममधून घ्यायचाच कशाला, लॉगिनवरून आपल्याला माहीत आहे. फॉर्ममधून काढला.

१० जुलै, गुरुवार

मीटर रीडिंग. वॉचमन सात विंग फिरून वहीत लिहून आणतो आणि काकू एका पानावर सगळे आकडे भरतात. ज्या फ्लॅटला कुलूप होतं त्याचा रकाना त्या रिकामा सोडतात, बरोबरच आहे.

आमचा कोड त्या रिकाम्याला नंबरमध्ये बदलतो आणि जावास्क्रिप्टमध्ये रिकामी स्ट्रिंग नंबर फंक्शनला दिली की ० मिळतो. नॅन (‘हा नंबर नाही’) नाही, एरर नाही, सरळ ०. नुसती स्पेस दिली तरी ०. झॉडचं नंबरमध्ये बदलून देणारं कोअर्स पण आतून तेच वापरतं. म्हणजे कुलूप असलेल्या फ्लॅटचं रीडिंग ० झालं, मागचं होतं १२४५, वापर आला उणे १२४५ युनिट. बिल उणे झालं तिथे निदान कोणाच्या तरी लक्षात येतं. पण नवीन जोडणीच्या फ्लॅटला मागचं रीडिंगही ० होतं, तिथे वापर ० दिसला आणि कोणालाच काही वाटलं नाही. विंगची सरासरी काढतानाही तेच, पोस्टग्रेसची सरासरी नल सोडून देते पण ० मोजते, म्हणून कुलूपबंद फ्लॅट जास्त त्या विंगचा पाण्याचा वापर कमी दिसत होता आणि त्यावरून गेल्या मीटिंगमध्ये दोन विंगच्या लोकांची चांगली जुंपली होती म्हणे.

ज्युनियरने घाईत दुरुस्ती केली, किंमत नसेल तर एरर, उद्गारचिन्ह (कोडमधलं ‘नाही’) लावून. ते पण चुकीचं, कारण जावास्क्रिप्टला खरा ० सुद्धा नसल्यासारखाच वाटतो, आणि मीटर बदलल्यावर पहिलं रीडिंग खरंच ० असतं. रिकामं वेगळं आणि शून्य वेगळं, दोन्ही या पानावर खरे आहेत. त्यामुळे आधी स्ट्रिंग असतानाच रिकामं आहे का बघायचं, नंबर नंतर करायचा. क्रम उलटा केला की माहिती गेली, मग ती परत मिळत नाही.

अजून एक सापडलं त्यात. रकाना नंबर टाइपचा होता. काकूंनी घाईत १२-४५ असं काही टाइप केलं की स्क्रीनवर १२-४५ दिसतं, पण ब्राउझर त्याची व्हॅल्यू रिकामी देतो, कारण तो नंबर नाही. एरवी ब्राउझर सबमिटच अडवतो, पण मराठी मेसेज आपले आपण दाखवायचे म्हणून आम्ही फॉर्मला ब्राउझरची तपासणी बंद करणारं नोव्हॅलिडेट लावलेलं. म्हणजे काकूंना भरलेलं दिसतंय आणि सर्व्हरला रिकामं. त्या सांगत होत्या की मी भरलं होतं आणि आम्ही म्हणत होतो की तुम्ही भरलं नाही. काकू बरोबर होत्या. आता टेक्स्टचा रकाना, फक्त कीबोर्ड आकड्यांचा, आणि तपासणी आपली. मराठी कीबोर्डवरून १२४५ आलं तरी घेतो, जावास्क्रिप्टला देवनागरी आकडे कळत नाहीत, पण ० ते ९ युनिकोडमध्ये ओळीने बसलेत त्यामुळे बदलायला एक ओळ पुरते.

१२ जुलै, शनिवार

सोसायटीच्या ऑफिसात बसले दोन तास, बाहेर पाऊस. सेक्रेटरी काका सरकारी कचेरीतून रिटायर झालेले. मी त्यांना स्क्रीनवर दाखवत होते की हा रकाना रिकामा असला तर नल साठवतो वगैरे, त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मग म्हणाले, “अगं, आमच्याकडे रकाना कोरा ठेवलेला चालायचाच नाही. फाइल परत यायची. काही नसेल तर निरंक लिहायचं. कोरा म्हणजे तू बघितलंच नाहीस, निरंक म्हणजे बघितलंस आणि नाहीये.”

दोन आठवडे मी ज्याच्याभोवती फिरतेय ते हेच. सगळं कोरं असेल ते नल करायचं एवढंच मी करत होते, पण नल म्हणजे कोरा. निरंक साठवायला माझ्याकडे जागाच नव्हती. वाहनाचा रकाना रिकामा आहे म्हणजे गाडी नाही, की माणसाने सांगितलं नाही? पार्किंग वाटपाच्या वेळी यावर भांडणं होतात. काकांनी जुनं रजिस्टर काढून दाखवलं, वाहनाच्या रकान्यात कुठे निरंक, कुठे आडवी रेघ, कुठे कोरं. कोऱ्याच्या पुढे पेन्सिलीने बारीक ‘विचारणे’ लिहिलेलं.

तर आता वाहनाला ‘आहे / नाही’ असा वेगळा प्रश्न आणि ‘आहे’ म्हटलं तरच नंबरचा रकाना. उत्तरच दिलं नाही तर नल, आणि काकांच्या पानावर त्या फ्लॅटसमोर ‘विचारणे’ असं दिसेल, शब्द त्यांचाच ठेवलाय. सगळ्याच रकान्यांना हे करायचं नाही, लोक कंटाळतील. गावचा पिनकोड कोरा असला तर कोणाचं काही अडत नाही. ज्या रकान्यावरून पैसे ठरतात किंवा कोणाला काही मिळतं-नाकारलं जातं तिथेच निरंक हवं. यादी काकांबरोबर बसून केली: वाहन, वहिवाट, सहयोगी सभासद, थकबाकी, वारस.

१५ जुलै, मंगळवार

जुन्या एक्सेलमधून डेटा आणला. एकाच कॉलमात ‘-’, ‘--’, ‘एनए’, ‘नाही’, ‘निरंक’, ‘०’ आणि कोरे सेल. आधी एकच यादी करून सगळ्यांचं नल करणार होते, पण शनिवारच्या गप्पांनंतर हात थांबला. ईमेलच्या कॉलमात ‘नाही’ म्हणजे ईमेल नाही. भाडेकरूच्या कॉलमात ‘नाही’ हे उत्तर आहे, चांगलं पक्कं उत्तर. थकबाकीत ‘०’ म्हणजे बाकी नाही, फोनमध्ये ‘०’ म्हणजे काहीतरी टाकायचं म्हणून टाकलेलं. प्रत्येक कॉलमची वेगळी यादी केली. दिवस गेला पण दुसरी वाट नव्हती. आडव्या रेघेचं काय करायचं ते काकांनाच विचारलं, ते म्हणाले रेघ माझ्या आधीच्या सेक्रेटरींची आहे, त्यांच्याकडे रेघ म्हणजे निरंक. असं कुठल्या लायब्ररीला कळणार.

१७ जुलै, गुरुवार

वारसाच्या नोंदीत तीन ओळी देतो, नाव, नातं, हिस्सा टक्क्यात. बहुतेक लोक एकच भरतात. पूर्ण कोरी ओळ गपचूप सोडून द्यायची, अर्धी भरलेली ओळ मात्र सोडायची नाही, तिथे माणसाचं काहीतरी राहिलंय, विचारायचंच, आणि कोऱ्या ओळी काढल्यावर हिश्श्यांची बेरीज १०० यायला हवी.

पण एकही ओळ कोरी ठरेना. नात्याच्या ड्रॉपडाउनमध्ये पहिला पर्याय ‘पत्नी’ होता, तो न निवडता निवडलेला राहतो, त्यामुळे प्रत्येक कोऱ्या ओळीत एक पत्नी बसलेली. पहिला पर्याय रिकाम्या किंमतीचा ‘नातं निवडा’ केला. आणि हे फक्त कोऱ्या ओळींपुरतं नाही, ज्यांनी नाव लिहून नातं बघितलंच नाही त्यांच्या मुलीची नोंद पण पत्नी म्हणून झाली असेल. वारसाच्या कागदावर. आधी भरलेले सगळे फॉर्म काढून सभासदांना परत तपासायला पाठवायला सांगितलेत, काकांना हे पटवायला अजिबात वेळ लागला नाही.

२१ जुलै, सोमवार

सकाळपासून धो धो, घरूनच काम.

एका वारसाचं नाव दिसतंय कोरं पण तपासणीतून पास झालंय. लांबी १. स्पेस नाही, ती ट्रिमने (कडेची स्पेस काढणाऱ्या फंक्शनने) गेली असती. निघालं शून्य रुंदीचं नॉन-जॉइनर, अक्षरं जोडू न देणारं न दिसणारं चिन्ह, कुठूनतरी कॉपी-पेस्ट होऊन आलेलं. जावास्क्रिप्टचा ट्रिम अशा अदृश्य अक्षरांना हात लावत नाही, पायथॉनचा स्ट्रिप पण नाही, कारण ती स्पेस म्हणून धरलीच जात नाहीत.

नेटवर सगळे सांगतात ती सरसकट काढून टाका. इंग्रजीत चालेल, मराठीत नाही. कुऱ्हाडे आडनावातला ऱ्ह काही कीबोर्ड ‘ऱ’ या वेगळ्या अक्षराने लिहितात आणि काही र, हलंत आणि शून्य रुंदीचा जॉइनर असं लिहितात. जॉइनर काढला की दुसऱ्या प्रकारचे कुऱ्हाडे ‘कुर्हाडे’ होतात, रफार वर जातो. माणसाचं आडनाव आपण बिघडवायचं नाही. म्हणून तपासताना फक्त एवढंच बघायचं की यात खरं अक्षर एक तरी आहे का, युनिकोडच्या अक्षर वर्गातलं, आणि साठवायचं ते जसं लिहिलं तसंच. शोधताना मात्र दोन्ही ऱ्ह एक धरावे लागतील, ते वेगळं काम, लिहून ठेवलं.

२४ जुलै, गुरुवार

मोबाइल ॲपच्या पोराबरोबर बसून अपडेटचा नियम पक्का केला. की नाही आली तर बदलू नका, नल आला तर पुसून टाका, किंमत आली तर ती ठेवा. आरएफसी ७३९६ या इंटरनेटच्या प्रमाण दस्तऐवजात २०१४ पासून हेच लिहिलेलं आहे, आपण नवीन काही शोधायची गरज नव्हती. वेबच्या फॉर्मला मात्र हा नियम लावायचा नाही, फॉर्म म्हणजे पूर्ण पान, त्यातलं जे आलं नाही ते पुसलेलं किंवा न निवडलेलं. दोघांच्या वाटा वेगळ्या केल्या, ७ तारखेच्या चेकबॉक्ससारखं परत होणार नाही.

२८ जुलै, सोमवार

बी विंगच्या आजी ऑफिसात आल्या होत्या, मी शेजारी बसले, त्यांनी स्वतः फोनवर फॉर्म भरला. ऐच्छिक रकान्यांवर आता ‘ऐच्छिक’ असं शब्दात आहे, लाल चांदणी नाही, चांदणीचा अर्थ त्यांना माहीत नव्हता. वारसाची टक्केवारी राहिली तेव्हा मेसेज त्याच रकान्याखाली आला आणि बाकी लिहिलेलं सगळं जागच्या जागी राहिलं, आधी सगळं पुसलं जायचं. ईमेल कोरा सोडला. वाहनावर थांबल्या, ‘नाही’ वर बोट ठेवलं, मग मला म्हणाल्या, यांची स्कूटर होती, ती गेल्या वर्षी विकली.

सेव्ह झालं. रोमध्ये ईमेल नल, वाहन ‘नाही’. काकांच्या पानावर ‘विचारणे’ असे अजून ३१ फ्लॅट बाकी आहेत, ते या आठवड्यात फोन करतायत.